घड्याळ नको, खोलीतली हवा मोजा

प्रति,
मा. अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
औरंगाबाद, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, उस्मानाबाद

विषय : व्यायामशाळा, फिटनेस क्लास आणि तालमींवरचे दुपारी ४ पर्यंतचे निर्बंध

जुलै २०२१

महोदय,

दुपारी ४ वाजता व्यायामशाळेला कुलूप लावायला सांगणारा नियम कोरोनाचा धोका वाढवतो आहे. त्याचा पूर्ण हिशेब मांडण्यासाठी हे पत्र उघडपणे लिहीत आहोत, म्हणजे आपल्याला आणि व्यायामाला येणाऱ्या लोकांनाही तो तपासून पाहता येईल.

आम्ही मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांत व्यायामशाळा चालवणारे, तिथे शिकवणारे ट्रेनर, झुंबा-योगाचे वर्ग घेणारे आणि तालमीतले वस्ताद आहोत. आमचं पोट यावर आहे, हे पहिल्याच ओळीत कबूल करतो. मार्च २०२० मध्ये दारं बंद झाली. केंद्राने ५ ऑगस्टपासून परवानगी दिली, तरी आपल्या राज्यात दसऱ्यापर्यंत, म्हणजे २५ ऑक्टोबरपर्यंत, ती उघडली नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद. ७ जूनपासून जिल्ह्यातल्या बाधितांच्या प्रमाणावरून निर्बंधांचे पाच स्तर (पहिला सगळ्यात सैल, पाचवा सगळ्यात कडक) ठरवायची पद्धत आली आणि मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांना मोकळा श्वास मिळाला. २५ जूनच्या आदेशाने तोही गेला. जिल्ह्यातली पॉझिटिव्हिटी कितीही खाली आली तरी किमान तिसऱ्या स्तराचे निर्बंध कायम. आमच्यासाठी त्याचा अर्थ असा : दुपारी ४ पर्यंत, निम्म्या क्षमतेनं, आधी वेळ ठरवून, एसी बंद ठेवून. आणि ५ नंतर संचारबंदी.

आमच्या खोल्यांत धोका आहे हे आम्ही नाकारत नाही. दक्षिण कोरियातल्या चेओनान शहरात फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये फिटनेस डान्सच्या १२ केंद्रांतून ११२ जणांना लागण झाली. खोल्या साधारण ६० चौरस मीटरच्या, एका वर्गात ५ ते २२ जण, ५० मिनिटं जोरदार नाच. त्याच साखळीतली एक लागण झालेली शिक्षिका पिलाटिस (संथ लयीतला व्यायामप्रकार) आणि योगाचेही वर्ग घेत होती, ७-८ जणांचे. तिथे एकालाही लागण झाली नाही. शिकागोतलं ऑगस्ट-सप्टेंबर २०२० चं प्रकरण तर आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं भिंतीवर लावून ठेवावं असं आहे. वर्गाची क्षमता पावपट केलेली, दारात ताप मोजलेला, सहा फुटांचं अंतर राखलेलं. फक्त व्यायाम करताना मास्क काढायची मुभा होती. ८१ पैकी ५५ जण बाधित झाले, आणि त्यातले २२ जण लक्षणं दिसायला लागल्यावरही वर्गाला येत राहिले होते.

या दोन्ही ठिकाणी घात कुठे झाला ते पाहा. बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत-बाहेर करतो. जोराचा व्यायाम करणारा तोच माणूस १०० लिटरच्या पुढे जातो. बंद खोलीत ही हवा साचते. क्षमता पावपट करूनही शिकागोत काही वाचलं नाही, कारण खोलीतली हवा तीच होती आणि तोंडं उघडी होती. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानेही २० मे २०२१ रोजी हेच सांगितलं : मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली बसतात, पण बारीक कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, तेव्हा खिडक्या उघडा, एक्झॉस्ट फॅन लावा. या सल्ल्यानंतर आलेल्या आदेशात आमच्याकडून मागितलं काय? घड्याळ आणि टक्केवारी. एक्झॉस्ट फॅनचा शब्दही नाही.

आता घड्याळाचं बघू. उदाहरणादाखल एक मध्यम व्यायामशाळा धरा, रोज १२० माणसं येणारी. नेहमीच्या दिवसांत सकाळी ५ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ९, असे आठ तास. तासाला १५ माणसं. मोंढ्यातला हमाल, दुकानावरचा पोऱ्या, बँकेतला कारकून, शेतावरून परतणारा गडी, यांतला कुणीही सकाळी ११ वाजता येऊ शकत नाही. ९ ते ४ ही वेळ कागदावर उघडी आहे, प्रत्यक्षात ती रिकामीच जाते. संध्याकाळ काढून घेतली की तीच १२० माणसं सकाळच्या चार तासांत येतात. तासाला ३०. म्हणजे एकाच खोलीत दुप्पट माणसं, आणि ती बाहेर पडेपर्यंत पुढची बॅच दारात उभी. मग ५० टक्क्यांच्या नियमानं निम्म्यांना परत पाठवा, म्हणजे ६० जणांचा व्यायाम सुटला. गर्दी नियमानंच तयार केली आणि तिचा दंडही लोकांनाच. महिलांच्या बॅचचं नुकसान याहून मोठं आहे. घरचा स्वयंपाक, मुलं, दुपारची कामं आटोपून बहुतेक ठिकाणी त्यांची बॅच ४ ते ६ असते. नियम नेमका तिच्या तोंडावर कुलूप लावतो. सकाळी ६ ला या, असं त्या बायकांना सांगून पाहावं. डब्यांची वेळ असते ती.

“५० टक्के” म्हणजे कशाचे, हेही कुणी लिहून दिलेलं नाही. केंद्राच्या ३ ऑगस्ट २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत माणशी ४ चौरस मीटर जागा सांगितली आहे. १२ मीटर लांब, ९ मीटर रुंद हॉल म्हणजे १०८ चौरस मीटर, त्यात २७ माणसं. याचे निम्मे केले तर १३. पूर्वी तिथे ४० जण मावत असतील तर त्याचे निम्मे २०. मेंबर २०० असतील तर निम्मे १००. तपासणीला आलेला अधिकारी यांतला कुठला आकडा धरेल, त्यावर दंड ठरतो. आणि १३, २० किंवा २७, यांतला एकही आकडा त्या हॉलला खिडकी आहे की नाही हे विचारत नाही.

आम्ही जो हिशेब सुचवतो तो असा आहे. थोडा लांब आहे, पण यातच सगळं आहे.

वरचाच हॉल घ्या. उंची ३.३ मीटर धरली तर खोलीत साधारण ३५६ घनमीटर हवा मावते. बारा इंची एक्झॉस्ट फॅनच्या लेबलवर तो तासाला किती घनमीटर हवा ओढतो ते लिहिलेलं असतं. समजा १,२००. असे तीन बसवले तर कागदावर ३,६०० होतात. जाळी, झडप आणि भिंतीतल्या अडथळ्यांमुळे तेवढं कधीच मिळत नाही, म्हणून चौथा हिस्सा वजा करा. उरले २,७००. त्याला ३५६ नं भागलं तर तासाला साडेसात वेळा हवा बदलते. दोन बॅचमध्ये १५ मिनिटं रिकामी ठेवली तर जुनी हवा ८५ टक्के बाहेर जाते. तासाला एकदाच हवा बदलणाऱ्या खोलीत तेवढ्याच वेळात २२ टक्के जाते. एसीवाल्या बंद गाळ्यांची गत ही आहे, किंबहुना याहून वाईट.

माणसांची संख्या यावरून काढा. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये घरांव्यतिरिक्तच्या जागांसाठी माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सुचवली. आमच्याकडे माणूस घाम गाळतो, म्हणून आम्ही चौपट धरायला तयार आहोत. सेकंदाला ४० लिटर म्हणजे तासाला १४४ घनमीटर. २,७०० भागिले १४४, उत्तर १८. तीन फॅन चालू असतील तर त्या हॉलमध्ये १८ माणसं. एक फॅन बिघडला तर १२. हा आकडा दाराबाहेर खडूनं लिहावा आणि कुणीही येऊन फॅन मोजावेत.

फॅन बसवला म्हणजे काम झालं असं नाही, हेही आम्हाला माहीत आहे. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे उघड्या खिडकीच्या अगदी वर एक्झॉस्ट. खिडकीतून आलेली हवा तिथूनच वर वळून बाहेर जाते आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाची हवा जागची हलत नाही. हवा एका भिंतीतून यायला हवी आणि समोरच्या भिंतीतून, वरच्या बाजूनं, जायला हवी. दुसरी चूक : फॅन तीन, पण हवा आत यायला दार-खिडकी एकही उघडी नाही. मग फॅन नुसता आवाज करतो. तिसरी, झडप धुळीनं आणि तेलकट घाणीनं जाम झालेली, नाहीतर बाहेरच्या जाळीत चिमणीचं घरटं. चौथी, फॅनचं तोंड जिन्यात किंवा शेजारच्या गाळ्यात. हे सगळं तपासायला इंजिनिअर लागत नाही. एक उदबत्ती पेटवा. दारात धरा, धूर आत वळला पाहिजे. फॅनपासून एका हातावर धरा, धूर सरळ ओढला गेला पाहिजे. मग हॉलच्या मधोमध, बेंचवर झोपलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला धरा. तिथे धूर सरळ वर जाऊन घुटमळत राहिला, तर त्या जागी हवा फिरत नाही, तो बेंच उचला. आपल्या पथकाला दंडाच्या पावतीपुस्तकाबरोबर दहा रुपयांचा उदबत्तीचा पुडा द्यावा, इतकंच मागणं आहे या बाबतीत.

छताचा पंखा हवा फक्त घुसळतो, बदलत नाही. उभा पंखा एकाच्या तोंडावरची हवा दुसऱ्याच्या तोंडावर नेतो, म्हणून तो माणसांकडे नको. खिडकीकडे तोंड करून बाहेर हवा फेकायला लावला तर तात्पुरत्या एक्झॉस्टचं काम करतो.

एसी बंद ठेवा हे बरोबर आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत देतो, बाहेरून काही आणत नाही. पण मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पारा चाळिशीच्या पुढे असताना माणूस मास्क लावून व्यायाम कसा करेल, याचा विचार आदेशात दिसत नाही. इथे उपाय आपल्या घराघरांत आहे : कूलर. कूलरची मागची बाजू खिडकीबाहेर असेल आणि समोरच्या भिंतीतून हवा निघून जात असेल, तर तो गार हवेबरोबर बाहेरची ताजी हवा सतत आत लोटतो. एसीच्या नेमकं उलट काम. तोच कूलर हॉलच्या कोपऱ्यात ठेवला तर मात्र तो आतलीच हवा फिरवतो आणि दमटपणा वाढवतो. खिडकीतला कूलर चालेल, खोलीतला नाही. आदेशात या एका वाक्याची भर टाकायला काय हरकत आहे? आदेशात कूलरबद्दल काहीच नसल्यानं तपासणीला येणारा प्रत्येकजण आपापल्या समजुतीनं ठरवतो.

तळघरातल्या व्यायामशाळांबद्दल आमच्यातच मतभेद आहेत, तरी लिहितो. कॉम्प्लेक्सच्या बेसमेंटमध्ये खिडकी नसते. तिथे हवा आत ढकलणारा आणि बाहेर ओढणारा, दोन्ही फॅन स्वतंत्र नळीनं बसवलेले नसतील, तर ती जागा सध्या उघडू नये. आमच्यातल्या काहींचं यात नुकसान आहे.

लाईट गेली की एक्झॉस्ट थांबतो. आपल्याकडे ती कधी आणि किती वेळ जाईल याचा नेम नाही. बहुतेक ठिकाणी इन्व्हर्टरवर ट्यूबलाईट आणि गाण्याचा बॉक्स असतो. तो बॉक्स काढून एक्झॉस्ट जोडावा. इन्व्हर्टर नसेल तर लाईट जाताच सगळ्यांनी बाहेर यावं, असा नियम करा, आम्ही पाळू.

हवेचा पुरावा हवा असेल तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर आहे. मोकळ्या हवेत तो ४१०-४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) आसपास दाखवतो. माणसं श्वास सोडतात तसा आकडा चढतो. हॉलमध्ये ८०० च्या खाली असेल तर हवा बरी बदलते आहे, १,००० ओलांडला की बॅच थांबवावी. मीटर एनडीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी वायू मोजणाऱ्या) सेन्सरचाच घ्यावा, काही हजारांत मिळतो. स्वस्तातले बरेचसे मीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, वेगळ्याच वायूंवरून अंदाज बांधतात. सॅनिटायझर लावलेला हात जवळ नेला आणि आकडा एकदम उसळला, तर तो मीटर परत करावा. प्रत्येक व्यायामशाळेला परवडणार नाही, पण तालुक्याच्या पथकाकडे एक असला तरी पुरे. वीस मिनिटं हॉलमध्ये ठेवला की वादच संपतो.

निर्जंतुकीकरणावर सगळ्यांचा भर आहे आणि त्यातच सर्वाधिक नासाडी होते आहे. केंद्राच्या सूचनेत १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट आहे. बाजारातलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर १ भागात ४ भाग पाणी. ते रोज ताजं करावं, कारण उन्हात आणि उकाड्यात त्याची ताकद उतरते. फरशी, संडास, दाराच्या कड्या यांना ते ठीक. पण लोखंडाला ते खातं. बारवरच्या पकडीच्या रेघांत गंज चढतो, क्रोम सुटतं, बेंचचं रेक्झिन तडकतं. मशिनची तार आतून कुजते, आणि वजन लावलेलं असताना ती तुटली तर माणूस जायबंदी होतो. म्हणून बार, डंबेल आणि मशिनला साबणाच्या पाण्याचा फडका आणि मग ७० टक्के अल्कोहोल. हायपोक्लोराइट संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नये, क्लोरीन वायू निघतो. बंद हॉलमध्ये त्याची फवारणी करून लगेच माणसांना धावायला लावणं हे फुफ्फुसांवर थेट अत्याचार आहेत. तपासणीत “फवारणी कधी केली” हा पहिला प्रश्न असतो. तो बदलून “हवा कुठून जाते” हा करा.

दारातल्या तपासणीबद्दल थोडंसं. उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळावर ताप मोजायची गन भलताच आकडा दाखवते, त्याला पाच मिनिटं सावलीत बसवून मोजावं. ऑक्सिमीटरवर ९५ च्या खाली असेल तर व्यायाम नाही, हे केंद्राचंच म्हणणं आहे, पण मेंदी किंवा नेलपॉलिश लावलेल्या बोटावर तो फसतो. बोट कोरडं आणि कोमट हवं, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्यावा. मास्क घामानं भिजला की श्वास कोंडतो आणि माणूस तो हनुवटीवर ओढतो, म्हणून प्रत्येकाकडे दुसरा कोरडा मास्क असायलाच हवा. नुसत्या फेस शील्डनं बारीक कण अडत नाहीत.

झुंबा आणि तत्सम वर्ग बंद खोलीत घेऊ नयेत, याला आमची संमती आहे. चेओनानचा अनुभव समोर असताना दुसरं काही म्हणणं बेजबाबदारपणाचं होईल. पण हाच वर्ग मोकळ्या मैदानात, दोन मीटर अंतरावर, कॉलर माइक लावून आणि गाण्याचा आवाज कमी ठेवून घ्यायला हरकत नाही. शिक्षिकेला गाण्याच्या वर ओरडावं लागलं नाही की तिच्या तोंडातून निघणारे कणही कमी होतात. आज तिसऱ्या स्तरात मैदानं आणि मोकळ्या जागा फक्त सकाळी ५ ते ९ उघड्या आहेत. सगळ्यात सुरक्षित जागेला चार तास आणि बंद खोलीला ४ वाजेपर्यंत, हा क्रम उलटा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांची मैदानं वर्षभर रिकामी पडली आहेत. महापालिका-नगरपालिकांच्या उद्यानांत लोकांच्या पैशांतून बसवलेली खुली व्यायामशाळा कुलपात आहे. पोलीस भरती आणि सैन्यभरतीची तयारी करणारी गावोगावची पोरं मग डांबरी रस्त्यावर अंधारात धावतात, ट्रक-टेम्पोच्या मधून.

तालमींचं नाव आदेशात कुठेच नाही. तालीम म्हणजे जिम समजून चालणार नाही. वारा लागू नये म्हणून तिचं दार ठेंगणं, खिडक्या बारीक, आणि मध्ये लाल मातीचा हौद. पठ्ठ्यांना अंतर ठेवून कुस्ती खेळा म्हणणं व्यर्थ आहे. तिथे करता येण्यासारखं हे आहे : जोर, बैठका, मुद्गल, दोर हे सगळं बाहेर अंगणात. हौदात एका वेळी एकच जोड. तीच जोड १४ दिवस कायम, बदलायची नाही. दोघांतल्या एकाला कणकण आली तर दुसराही घरी. तालमीतच राहणाऱ्या पोरांचा एक गट धरावा आणि बाहेरून येणाऱ्यांची वेळ वेगळी करावी. रामलिंग मुदगडच्या पैलवान हरिश्चंद्र बिराजदारांचा हा मुलूख आहे. जत्रा बंद, फड बंद, इनामं बंद. खुराकाचा खर्च मात्र चालूच. त्यात सरावही तुटला तर गरिबाघरचं पोर माती सोडून कामाला पुण्याला जातं आणि परत हौदात उतरत नाही.

व्यायाम ही चैन आहे, या समजुतीवर हे निर्बंध उभे आहेत असं आम्हाला वाटतं. कॅलिफोर्नियातल्या ४८,४४० प्रौढ कोविड रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सतत बैठं आयुष्य असलेल्यांत रुग्णालयात जाण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण नियमित व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. मधुमेही माणसाच्या रक्तातली साखर काम करणारा स्नायू ओढून घेतो, आणि मधुमेह असताना कोरोना काय करतो हे या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसनं (काळ्या बुरशीच्या आजारानं) मराठवाड्याला दाखवलं आहे. कोरोनातून उठलेली माणसं आता आमच्याकडे येत आहेत. त्यांना लक्षणं पूर्ण जाऊन किमान ७ दिवस झाल्याशिवाय घेऊ नये, पहिले दोन आठवडे बोलता बोलता करता येईल एवढाच हलका व्यायाम द्यावा, छातीत दुखलं, धडधडलं किंवा चक्कर आली तर थांबवून डॉक्टरांकडे पाठवावं. रुग्णालयात राहून आलेल्यांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊच नये. हे काम शिकलेल्या ट्रेनरच्या नजरेखाली व्हायला हवं. घरी मोबाईलवर पाहून ते होत नाही.

पैशांचं एका परिच्छेदात आटोपतो. २०२० मध्ये कर्जाचे हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलता आले, व्याज चालू राहिलं तरी. २०२१ च्या बंदीत तशी सरसकट सवलत नाही. गाळ्याचं भाडं, वीजबिलातला स्थिर आकार, महापालिकेची पट्टी थांबली नाही. फीवर १८ टक्के जीएसटी आहे. एप्रिलमध्ये राज्याने फेरीवाले, रिक्षाचालक, बांधकाम आणि घरकाम करणाऱ्यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले, ते योग्यच होतं. महिन्याच्या पगारावर किंवा बॅचमागे पैशांवर राबणारा ट्रेनर त्या यादीत कुठेच नव्हता.

आमच्या मागण्या :

१. व्यायामशाळांना सकाळी ५ ते रात्री ९ परवानगी द्यावी, आणि ५ नंतरच्या संचारबंदीतून नोंद केलेल्या मेंबरला सूट द्यावी. राज्याचा आदेश आड येत असेल, तर वरच्या हिशेबासह बदलाची शिफारस राज्य शासनाकडे लेखी पाठवावी आणि तिची प्रत जाहीर करावी.

२. “५० टक्के” हा शब्द काढून माणसांची संख्या एक्झॉस्टच्या क्षमतेवरून, माणशी तासाला १४४ घनमीटर या दरानं ठरवावी. प्रत्येक व्यायामशाळेनं हॉलचं माप, फॅनची संख्या आणि आलेला आकडा दारावर लावावा. खोटा आकडा लावणाऱ्याला बंद करा, आम्ही त्याची बाजू घेणार नाही.

३. एसी बंदच राहू द्या. खिडकीतल्या कूलरला स्पष्ट परवानगी द्या. ज्या तळघरात आत-बाहेर दोन्ही बाजूंची यांत्रिक हवा नाही, ते उघडू नये.

४. मोकळी मैदानं, शाळांची प्रांगणं आणि उद्यानांतल्या खुल्या व्यायामशाळा संध्याकाळीही उघडाव्यात. तिथे वर्ग घ्यायला तहसीलदारांकडे एका अर्जावर परवानगी मिळावी.

५. तालमींसाठी वस्तादांशी बोलून दोन पानांची वेगळी नियमावली करावी.

६. ट्रेनर आणि वस्तादांसाठी प्रत्येक तालुक्यात एक दिवस लसीकरण ठेवावं. आमच्यातले बहुतेक तिशीच्या आतले आहेत. २१ जूनला पहिला डोस मिळालेल्याचा कोविशिल्डचा दुसरा डोस ८४ दिवसांनी, म्हणजे १३ सप्टेंबरच्या आधी येत नाही. आज उशीर झाला की दोन्ही डोसांची अट लागेल त्या दिवशी आम्ही पुन्हा दाराबाहेर असू.

७. क्रीडा विभागाच्या व्यायामशाळा विकास अनुदान योजनेतून या वर्षी साहित्याऐवजी एक्झॉस्ट फॅन आणि इन्व्हर्टर घ्यायची मुभा मिळावी. गावातल्या सार्वजनिक व्यायामशाळांना डंबेलपेक्षा आज त्याची गरज जास्त आहे.

जिल्ह्यातली कुठलीही एक व्यायामशाळा आपण निवडावी, आम्हाला आधी न कळवता. सकाळी ७ च्या बॅचला आपले अधिकारी, आरोग्य विभागाचा एक डॉक्टर आणि आमचा एक माणूस तिथे बसेल. फॅन मोजू, उदबत्ती लावू, मीटर वीस मिनिटं ठेवू. जे दिसेल त्यावर त्याच दिवशी लेखी शेरा द्यावा. आठही जिल्ह्यांत यासाठी आमची माणसं तयार आहेत. आपल्या कार्यालयातून तारीख कळवावी.

आपले,
मराठवाड्यातील व्यायामशाळा चालक, ट्रेनर, फिटनेस वर्गांच्या शिक्षिका आणि तालमीतले वस्ताद